जुलाबावरच्या गोळीचा टायफॉइडशी काय संबंध?

जुलाब लागले की मेडिकलमध्ये जायचं, "पोट बिघडलंय, काहीतरी द्या" म्हणायचं आणि पट्टीतून चार गोळ्या कापून आणायच्या, अनेकदा अँटिबायोटिकच्या. दोन गोळ्यांत पोट थांबलं की उरलेल्या दोन डब्यात, पुढच्या वेळेसाठी. घरोघरी हेच चालतं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये कल्चरचं, म्हणजे पेशंटच्या नमुन्यातले जंतू वाढवून तपासण्याचं काम करते आणि हे थांबावं असं मला मनापासून वाटतं.

आपल्या आतड्यात ई. कोलाय नावाचे जंतू कायम मुक्कामाला असतात, एरवी बहुतेक निरुपद्रवी. अँटिबायोटिक पोटात गेलं की त्यातले औषधाने मरणारे मरतात, न मरणारे उरतात आणि वाढतात. त्यांची ही ताकद अनेकदा प्लास्मिडवर, म्हणजे डीएनएच्या एका छोट्या वर्तुळावर असते. ते वर्तुळ एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलाही.

पाकिस्तानात सिंधमधल्या हैदराबाद शहरात 2016 च्या अखेरीस टायफॉइडची साथ सुरू झाली. जुनी तिन्ही औषधं, म्हणजे क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि कोट्रायमोक्साझोल, निकामी. सिप्रोफ्लॉक्सासिन निकामी. हॉस्पिटलात शिरेतून देतात ते सेफ्ट्रियाक्झोनही निकामी. तोंडाने घ्यायच्या औषधांत एकटं अझिथ्रोमायसिन उरलं, नाहीतर कार्बापेनेमची महागडी इंजेक्शनं. जनुकं तपासली तेव्हा कळलं की सेफ्ट्रियाक्झोनला हरवणारं प्लास्मिड ई. कोलायमध्ये आढळणाऱ्या प्लास्मिडशी जुळतं, म्हणजे बहुधा तिथूनच ते टायफॉइडच्या जंतूकडे आलं. हे वाचल्यापासून जुलाबावरची गोळी मला साधी वाटत नाही.

लॅबमध्ये आम्ही प्लेटवर जंतू पसरवतो आणि वर औषधाच्या छोट्या कागदी चकत्या ठेवतो. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती पुरेसा मोठा स्वच्छ गोल दिसला तर औषध लागू. जंतू चकतीच्या कडेपर्यंत दाट वाढलेले दिसले तर रिपोर्टवर 'आर', रेझिस्टंट. आपल्याकडच्या टायफॉइडवर सिप्रोफ्लॉक्सासिनचा आता क्वचितच भरवसा धरता येतो. एकेकाळी टायफॉइड म्हटलं की तेच लिहिलं जायचं. उलट क्लोरॅम्फेनिकॉल आणि कोट्रायमोक्साझोलचा वापर कमी झाला, तसे ते अनेक ठिकाणी पुन्हा लागू पडू लागले आहेत. म्हणजे वापर आवरला तर फरक पडतो, हे आपल्याच देशात दिसलंय.

बहुतेक साध्या जुलाबांना अँटिबायोटिक लागतच नाही. ओआरएस लागतं, आणि तेही नीट: लिटरचं पाकीट असेल तर अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात, चिमूटभर ग्लासात नव्हे. लहान मुलांना सोबत झिंक, डॉक्टर सांगतील तितके दिवस. शौचातून रक्त पडतंय, ताप चढलाय, भाताच्या पेजेसारखे पाण्याचे जुलाब थांबत नाहीत किंवा मूल मलूल पडलंय, तर मात्र लगेच डॉक्टरांकडे. तिथे औषध द्यायचं की नाही, कोणतं द्यायचं, हे त्यांना ठरवू द्या.

आणि ताप चार दिवस उतरत नसेल, टायफॉइडचा संशय असेल, तर अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी ब्लड कल्चर करायचं का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. आधीच दोन-तीन गोळ्या घेतलेल्या पेशंटच्या रक्ताच्या बाटलीत अनेकदा काहीच वाढत नाही. मग कोणतं औषध लागू पडेल हे आम्ही सांगणार कसं? नुसत्या विडाल या रक्तचाचणीवर टायफॉइडचा शिक्का मारणं मला अजिबात पटत नाही. आधीच्या संसर्गामुळे किंवा दुसऱ्याच आजारातही ती पॉझिटिव्ह येऊ शकते.

टायफॉइडची काँज्युगेट लस भारतातच बनते. नवी मुंबई महापालिकेने 2018 मध्ये ती 9 महिने ते 14 वर्षांच्या एक लाखाहून अधिक मुलांना मोहीम काढून दिली. पाकिस्तानने 2019 मध्ये ती नियमित लसीकरणात घेतली. ज्या मुलाला टायफॉइड झालाच नाही, त्याच्यावर एकही अँटिबायोटिक खर्च होत नाही. तुमच्या मुलांच्या लसीकरणाच्या कार्डावर ही लस आहे का, ते आज बघा. नसेल तर पुढच्या भेटीत बालरोगतज्ज्ञांना विचारा.