50 अँपिअरचा शेजारी

सिअ‍ॅटलहून भाड्याची आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन ऑलिम्पिक द्वीपकल्पाला वळसा घालायचा, हा बेत बायकोचा. फोर्क्सजवळच्या कॅम्पग्राउंडवर पोचलो आणि पावसाने झोडपायला सुरुवात केली. मी मनातून खूश. ट्रेल नाही, फोटो नाहीत. लोळायचं आणि भजी खायची, बस्स. (आरव्ही म्हणजे स्वतःचा संडास स्वतः उपसण्यासाठी लोकांना भाडं देणं. पण ते सकाळचं काम.)

आईने इंडक्शनवर तेल तापत ठेवलं, बायकोने किटली लावली आणि पाय गारठले म्हणून आईनेच हीटरही चालू केला. खट्! अंधार.

मी चपला शोधतोय तोवर दारावर टकटक. समोरचा म्हातारा. अंगात रेनकोट, हातात टॉर्च, चेहऱ्यावर फॉल्ट सापडलेल्या वायरमनचा आनंद.

"पहिलीच वेळ?"

मी छत्री घेऊन विजेच्या खांबाकडे निघालो. तो पेटीसमोर आडवा उभा राहिला.

"तुझी गाडी 30 अँपिअरची. गुणिले 120 व्होल्ट. किती झाले?"

"3,600 वॉट. मी इलेक्ट्रिकल इंजि..."

"3,600 वॉट! आता, व्होल्ट म्हणजे नळाच्या पाण्याचा दाब समज."

माझं अर्धं आयुष्य सबस्टेशनं डिझाइन करण्यात गेलंय. तरी समजलो.

"माझी 50 ची," बसएवढ्या धुडाकडे टॉर्च रोखत तो म्हणाला. "माझी पॉवर तुझ्या किती पट?"

"तिपटीहून जास्त. तुमच्याकडे 120 च्या दोन लाइन येतात, म्हणून 12,000 वॉट."

त्याचा चेहरा पडला. 50 भागिले 30 करून मी पावणेदोन पटीच्या आसपास उत्तर देईन आणि मग आपण चूक काढू, या आशेवर होता बिचारा. पण हार मानली नाही. माझंच उत्तर मलाच पुन्हा, सावकाश, बोटांवर मोजून समजावलं. ब्रेकर तसाच पडलेला. छत्रीचं पाणी माझ्या कॉलरमधून आत.

मग विषय पावसावर गेला. "पलीकडच्या होहच्या जंगलात वर्षाला 140 इंच पडतो! पाहिलायस कधी एवढा?"

दारातून आई ओरडली, "आमच्या आंबोलीत याच्या दुप्पट पडतो म्हणावं!" आईचं माहेर सावंतवाडी. मी भाषांतर केलं. तो लहान मुलाच्या गप्पांना हसावं तसा हसला आणि ब्रेकर स्वतःच्या हाताने वर केला. "बघितलंस?"

बघितलं. नंतर हेही बघितलं, की गाडीच्या कापडी छपराखालच्या माझ्या खुर्चीत तो बसलाय, आई "घे रे बाबा" करत गरम भजी वाढतेय आणि बायको म्हणतेय, "किती हेल्पफुल आहेत ना?" पहिला घाणा त्याचा. दुसराही. मला मिळाला तो तळाचा चुरा. विकत घेतलेली सुट्टी अशी शेजाऱ्याच्या शिकवणीत गेली, आणि फीसुद्धा भज्यांच्या रूपाने आम्हीच भरली.

संध्याकाळी कॅम्प होस्ट गोल्फ कार्टमधून आला. तळणाच्या वासाने रॅकून येतात, अशी तक्रार आली होती. कोणाची, ते त्याला सांगता येत नव्हतं. आमच्या वासाच्या टप्प्यात त्या दिवशी दुसरी एकच गाडी होती.

हे आईला समजावून सांगितलं. तरी सकाळी निघताना उरलेली भजी तिने त्यालाच दिली. डब्यातून. माझ्या स्टीलच्या, घट्ट झाकणाच्या डब्यातून.