गव्हावर गहू टाका हो!

रविवारची सकाळ. पातेल्यात पाणी खळखळतंय, चमचाभर मध घातलाय, मी झारा घेऊन उभी. फ्रीजमध्ये रात्रभर ठेवलेल्या आठ बेगलांपैकी (बेगल म्हणजे आधी उकळून मग भाजायचा, भोक असलेला गोल पाव) पहिलं पाण्यात सोडलं. व्हिडिओतल्या बाईचं कसं बुडतं न बुडतं तोच डुबकन वर येतं. माझं गेलं ते गेलंच. तळाशी जाऊन बसलं. वाट पाहिली. शेवटी झाऱ्याने ढोसलं तेव्हा वर आलं, पण पाठीची सालडी पातेल्याला ठेवून! दुसऱ्याचं तेच. तिसऱ्याचं भोकच बुजलं. सहावं बाहेर काढलं तर अंगभर सुरकुत्या, तासभर न्हाणीघरात बसून आल्यासारख्या.

"कडबोळी मोठी झाली का गं?" सासूबाई. पेपरातून मान वरही न करता.

आणि ती व्हिडिओतली बाई म्हणते, "मैद्याऐवजी गव्हाचं पीठ घ्या, बाकी सगळं तेच." तेच कसं असेल? तुझं ते पाकीट आणि आमचं गिरणीतलं लोकवन एक का? आमचं पीठ पोळीसाठी बारीक दळलेलं, नुसतं पाणी पितं. ५०० ग्रॅमला तुझं २८५ मिली पाणी घातलं, तर पुरीच्या कणकेपेक्षा घट्ट गोळा झाला. ३५० पर्यंत गेले तेव्हा कुठे हात फिरायला लागला. वर तो कोंडा! आपण तिंबून तिंबून चिवटपणा आणायचा आणि त्याने तो आतून कापत बसायचं. पाऊण तास तिंबलंय मी. मनगट अजून ठणकतंय.

आणि "खपली गव्हाचे करून बघ, पौष्टिक असतात" म्हणणारे. त्यांनी आधी स्वतः करावेत आणि खाऊन दाखवावेत. दही घालून दोन जिन्नसांत दहा मिनिटांत बेगल करणारे तर वेगळेच. ज्याने उकळत्या पाण्याचं तोंड पाहिलेलं नाही त्याला बेगल म्हणू नका, एवढीच विनंती आहे. पोलंडातल्या क्राकोवच्या ज्यू मंडळींच्या दप्तरात १६१० साली बेगलची नोंद सापडते. चारशे वर्षं लोकांना जमतंय, मलाच मेलं का जमू नये?

कारण गिरणीवाला! वीस वर्षं सांगतेय, गव्हावर गहू टाका. वीस वर्षं तो "हो ताई" म्हणतो आणि ज्वारीवर टाकतो. एकदा हरभराडाळीवर टाकले होते, आठवडाभर पोळ्यांना भज्यांचा वास. या खेपेचं पीठही चिमटीत भरभरीत लागलं तेव्हाच समजले मी. जाऊन भांडणारच होते, चपलासुद्धा घातल्या होत्या.

"अगं, शनिवारी तूच म्हणालीस ना त्याला," नवरा म्हणाला, "कशावरही टाका, पण लवकर द्या म्हणून?"

म्हणाले होते. गिरणी बंद व्हायला दहा मिनिटं होती आणि मला रात्रीच्या आत कणीक फ्रीजमध्ये टाकायची होती. पण म्हणून त्याने ऐकायचं? वीस वर्षांत एकदा ऐकलं माझं, तेही हे.

चपला काढल्या. ओव्हनमध्ये एका वेळी चारच मावतात, मागचे दोन कोळसा आणि पुढचे दोन बाळंतिणीसारखे पांढरेफटक. सुरी चालेना, म्हणून विळी काढली. विळीवर बेगल चिरणारी मी पहिलीच असेन. मुलाने अर्धा चावला आणि विचारलं, "हे भिजवून खायचं असतं का?"

दोन उरले होते, त्यांना पाण्यात सोडायचं धाडस होईना.

"त्या दोघांच्या पोळ्या लाटू का?" सासूबाई.

"लाटा," म्हटलं.

त्यांनी भोक अंगठ्याने बुजवलं, पिठी लावली, लाटून तव्यावर टाकली. टम्म फुगली. दुसरीही.