सिस्टिमवर ढकललं की सुटले सगळे

आज डब्याच्या वेळी ऑफिसातले एक साहेब म्हणाले, "श्रीमंतांना कशाला नावं ठेवता मॅडम, दोष सिस्टिमचा आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या तोंडात घास होता, म्हणून वाचले ते. आता लिहिते.

बाप्पा, ही सिस्टिम काय आभाळातून पडली का? १९८५ साली वारशावरची एस्टेट ड्युटी गेली. २०१५ च्या बजेटमध्ये संपत्ती कर गेला. २०१९ च्या सप्टेंबरात कंपन्यांचा कर ३० वरून २२ टक्क्यांपर्यंत उतरवला. सरकारं वेगवेगळी, पण दरवेळी कुणीतरी मागितलं आणि कुणीतरी सही केली. मागायला आमच्या स्वयंपाकाच्या मावशी गेल्या नव्हत्या.

मावशी आज दीड तास उशिरा आल्या. बायांनी गट करून फायनान्स कंपनीकडून घेतलेल्या कर्जाच्या हप्त्याचा दिवस. फायनान्सचा पोरगा खुर्चीवर, बाया सतरंजीवर, प्रत्येकीच्या मांडीवर कार्ड. एक बाई आलीच नाही. मग तिचा हप्ता बाकीच्यांनी गोळा करेपर्यंत कुणी उठायचं नाही. "माह्याजवळचे दोनशे देल्ले ताई, तवा उठू देल्लं." व्याज वीस टक्क्यांच्या वर. हे सांगताना कणिक मळणं चालूच होतं, आवाजात राग नाही. राग मलाच आला.

कारण बँकांनी दहा वर्षांत १६ लाख कोटींहून जास्त थकीत कर्ज राइट ऑफ केलं, म्हणजे आपल्या हिशेबाच्या वहीतून काढून टाकलं, हे सरकारनंच लोकसभेत सांगितलंय. माहीत आहे, राइट ऑफ म्हणजे माफी नाही, वसुली चालू राहते. राहो. पण त्या बड्या थकबाकीदारांच्या शेजाऱ्यांना कुणी सतरंजीवर बसवून ठेवलं का? दोनशे रुपये काढा, मग उठा, असं?

उद्योगपती रोजगार देतात, हेही मान्य. एम्प्रेस कापड गिरणीवर आमच्या नागपुरातल्या पिढ्या जगल्या, नाही कोण म्हणतं! साहेबही माणूस वाईट नाही, मागे मावशींच्या नातवाच्या फीसाठी त्यांनी न मागता पैसे दिले होते. म्हणूनच जास्त लागतं. एका मावशीची फी भरणारा माणूस सगळ्या मावशींचा प्रश्न आला की "सिस्टिम" म्हणून हात झटकतो. बिस्किटाच्या पुड्यावर मावशी जेवढा जीएसटी भरतात तेवढाच अब्जाधीश भरतो, हा नियमही माणसांनीच लिहिलाय ना?

राजकारणात समता आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण २६ जानेवारी १९५० ला शिरतोय, असं बाबासाहेबांनी संविधान सभेत बजावलं होतं. रोज दीक्षाभूमीवरून जाणाऱ्या आपल्या लोकांना हे मी सांगायला नको.

अफाट पैसा साठला की तो नियम विकत घेतो, आणि त्या नियमांनी आणखी साठतो. यात शेठ वेगळा आणि सिस्टिम वेगळी कशी काढायची? माझं म्हणणं एवढंच, वारसा कर परत आणा, फक्त शेकडो कोटीवाल्यांवर. आणि हे वाचून ज्यांना लगेच २०२४ च्या निवडणुकीतली "तुमचं मंगळसूत्रही नेतील" ही भीती आठवेल, त्यांनी कमेंट करण्याआधी घरातलं कपाट उघडून किती कोटी निघतात ते मोजून घ्या.