लंडनचं तिकीट आणि मर्ढेकरांची कविता

एक मेसेज अधूनमधून फिरत येतो: लेखक व्हायचंय? मग पंचविशीच्या आत परदेश गाठा. बाहेर न गेलेल्यांचं क्षितिज म्हणे तोकडं. पुराव्याला कवी बा. सी. मर्ढेकर. लंडनला गेले, तिथे टी. एस. एलियट हा इंग्रजी कवी वाचला, परत आले आणि मराठी कविता नवी झाली. ऐकायला झकास, फक्त साल जुळत नाही.

मर्ढेकर १९२९ मध्ये आयसीएससाठी, म्हणजे इंग्रजी अमदानीतल्या सनदी नोकरीच्या परीक्षेसाठी, इंग्लंडला गेले. परीक्षा हुकली, १९३३ मध्ये परतले. त्यानंतर सहा वर्षांनी ‘शिशिरागम’ हा कवितासंग्रह आला. उघडून बघा: हुरहूर, प्रेमभंग, पानगळ, बालकवी आणि माधव जूलियन यांची सावली. नाव झाकून वाचायला दिलं तर हा माणूस चार वर्षं लंडनात राहून आलाय, अशी शंकासुद्धा येणार नाही. आपण ज्या कवितेला मर्ढेकरी म्हणतो ती ‘काही कविता’ या संग्रहामध्ये भेटते, १९४७ साली. म्हणजे परतल्यावर तब्बल चौदा वर्षांनी!

‘पण एलियट?’ असेल ना, त्याचा प्रभाव कोण नाकारतंय! मात्र मधल्या काळात दुसरं महायुद्ध झालं, रेशन आलं, रेडिओतली नोकरी आली, मुंबई अंगावर आली. मेसेजवाल्याने हे सगळं गाळलंय. त्यांच्या गाजलेल्या कवितेतले पिंपात मेलेले उंदीर काही बोटीने आणावे लागत नाहीत. आणि त्यांच्याच दुसऱ्या कवितेतला गणपत वाणी? या जागेवर माडी बांधीन म्हणत बिडी पिता पिताच मेलेला हा माणूस कुठल्याही वाडीच्या नाक्यावर बसलेला असायचा. शिवाय ही नवी कविता वारंवार अभंगाच्या चालीत बोलते. तुकोबा शिकायला लंडन कशाला?

लंडनचं ऋण दाखवायचंच तर ते समीक्षेत दाखवा. ‘आर्ट्स अँड मॅन’ हे त्यांचं इंग्रजी पुस्तक १९३७ मध्ये आलं, ‘शिशिरागम’च्याही आधी. सौंदर्यशास्त्राचा विचार लवकर पिकला, कविता मागून आली. एकाच माणसात दोन वेगळी घड्याळं! मला यातलं हेच खरं कुतूहलाचं वाटतं, पण ते फॉरवर्डमध्ये मावत नाही.

राहता राहिला मेसेजमधला ‘बाहेर न गेलेल्यांचं क्षितिज तोकडं’ हा मुद्दा. कवी अरुण कोलटकरांची ‘जेजुरी’ ही खंडोबाच्या जेजुरीवरची कवितामालिका १९७६ मध्ये पुस्तकरूपाने आली, तीही इंग्रजीत, आणि पुढच्याच वर्षी तिला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. जेजुरी पुण्याहून पन्नासेक किलोमीटर. पुस्तक सुरू होतं एसटीत आणि संपतं रेल्वे स्टेशनावर.