डबीतला राजपुत्र

आमच्या घरात तंबाखूबद्दल कुणी मत विचारत नसे, चुना आहे का एवढंच विचारत. आजोबा चंची सोडायचे, डाव्या तळहातावर चिमूट घ्यायचे, अंगठ्याने मळायचे आणि वर दोन थापट्या अशा मारायचे की समोर बसलेल्याला शिंक यावी. चिमूट ओठाआड गेली की विषय संपला. ‘चव कशी आहे?’ असं कुणी विचारलं असतं, तर ‘तंबाखूसारखी’ म्हणाले असते.

अशा घराण्यातल्या माणसाला अमेरिकेत पाइपच्या तंबाखूचा परीक्षक म्हणून बसवलं जावं, हे नशीबच.

मी नॉर्थ कॅरोलिनात केरीला राहतो. ऑफिस डरहमला, तंबाखूच्या जुन्या वखारींच्या आवारात. लाल विटा तशाच ठेवून आत संगणक मांडलेत आणि ‘लकी स्ट्राइक’ हे सिगारेटचं नाव लिहिलेलं धुराडं अजून उभं आहे. म्हणजे तंबाखूवर पोट भरणाऱ्यांत एका अर्थी मीही आलो. पण शेजारच्या आजोबांनी मला निवडलं ते या पुण्याईवर नाही. ते म्हणाले, “माझं नाक आता गेलंय. तुम्ही लोक मसाल्यातले. तू ओढून सांग.” गरम मसाला आणि गोडा मसाला यांतला फरक मला वासावरून सांगता येत नाही, हे त्यांना सांगायचं धाडस झालं नाही.

त्यांच्याकडे एक वही आहे. ओढलेल्या प्रत्येक तंबाखूला चारपैकी तारे. आज पाळी होती ‘प्रिन्स अल्बर्ट’ची. डबी जुनी, लाल, खिशात मावेल अशी चपटी. माल ताजा भरलेला. डबीवर लांब कोट घातलेला, हातात काठी घेतलेला दाढीवाला गृहस्थ. हा राणी व्हिक्टोरियाचा थोरला मुलगा. आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीने इथून दीड-दोन तासांवरच्या विन्स्टन-सेलममध्ये १९०७ साली ही तंबाखू काढली, तेव्हा हा राजपुत्र ‘सातवा एडवर्ड’ या नावाने राजा होऊन सहा वर्षं झाली होती. बिचारा साठीला टेकेपर्यंत युवराजच राहिला, आणि राजा झाल्यावर डबीवर पुन्हा युवराज.

आजोबांनी लगेच इथला जुना फोनवरचा चावटपणा ऐकवला. दुकानदाराला फोन करायचा: “तुमच्याकडे डबीत प्रिन्स अल्बर्ट आहे का?” तो ‘आहे’ म्हणाला की, “मग सोडा की त्याला बाहेर!” आणि फोन ठेवायचा. सांगून ते पाच मिनिटं हसले. मी तीन मिनिटं हसलो, शेजारधर्म म्हणून.

पाइप मक्याच्या कणसाचा. दाणे काढल्यावर उरतं ते बुरकुंड कोरून त्याला नळी लावलेली. मिसुरीतल्या वॉशिंग्टन नावाच्या गावात १८६९ पासून हे पाइप बनतात. आमच्याकडे ही बुरकुंडं न्हाणीघरातल्या बंबात जायची. त्यांचं असं काही होऊ शकतं हे आईला कळलं असतं, तर तिने पोत्याने जपून ठेवली असती.

भरायचं शास्त्र आहे. पहिला थर लहान मुलाच्या हाताने दाबायचा, दुसरा बाईच्या, तिसरा बाप्याच्या. पुरणपोळीत पुरण भरताना आई असंच काहीसं सांगायची, आणि माझी तिथेही फुटायची. एकदा काडी लावली की तंबाखू फुलून वर येते. ती दाबायची आणि पुन्हा पेटवायची. पहिली काडी नुसती वर्दी द्यायला. मी एकंदर अकरा काड्या ओढल्या. अकराव्या काडीला आजोबा वहीत काहीतरी लिहीत होते.

तंबाखू बर्ली जातीची. पानं उन्हात घालत नाहीत, कोठारात उंच टांगून आठवडेच्या आठवडे वाऱ्यावर वाळवतात. त्यात पानातली साखर जवळजवळ संपते आणि पान असं तहानलेलं होतं की वर शिंपडाल ते पिऊन टाकतं. पोह्यांचा स्वभाव, दुसरं काय. म्हणून अमेरिकन मिश्रणांत बर्लीला भाव.

“सांग, काय लागतंय?”

मला धूर लागत होता. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ते म्हणवेना. वहीत मागच्या पानावर ‘अक्रोड, कोको, वाळलं गवत’ असं लिहिलेलं दिसलं. मी डोळे मिटून जोरजोराने ओढायला लागलो आणि जीभ अशी पोळली की उकळत्या चहाचा घोट थेट पातेल्यातून घेतला असावा. डबीच्या पाठीवर पेटंटची तारीख आहे, ३० जुलै १९०७. ही तंबाखू जिभेला चावत नाही, अशी तेव्हा जाहिरातच होती. आजोबा म्हणाले, “चावत नाहीच. तू तिला चावतोयस.” खरं होतं. पाइप घोट घोट ओढायचा असतो. मी भाता मारत होतो.

मग मी हळू झालो आणि खरंच एक वास ओळखीचा लागला. शेतात भुईमुगाच्या शेंगा भाजून झाल्यावर राखेत जी टरफलं धुमसत राहतात, तो. मी तसं सांगितलं. आजोबांनी ‘शेंगा’ लिहिलं, मग थांबले. “शेंगा की टरफलं?”

“टरफलं.”

त्यांनी खोडून ‘टरफलं’ लिहिलं आणि एक तारा कापला. माझा की तंबाखूचा, ते कळलं नाही.

पाइपचा धूर छातीत घ्यायचा नसतो, तोंडातच घोळवायचा. मला वाटलं, मग सुटलो. पण निकोटिन तोंडाच्या आतूनही भिनतं. घरी पोचेपर्यंत कपाळाला घाम आणि उचकी सुरू. थांबेचना. बायकोने पाणी दिलं, साखर दिली, शेवटी म्हणाली, “कुणीतरी आठवण काढतंय रे. नावं घे.”

मी घेतली. आई, मामा, सासूबाई, मॅनेजर, पुण्याचा घरमालक, ज्याला डिपॉझिट मागून मीच उचक्या लावल्या होत्या. उचकी चालूच. बायको सुचवत गेली, मी म्हणत गेलो, अगदी शाळेतल्या सरांपर्यंत.

शेवटी दमून म्हणालो, “प्रिन्स अल्बर्ट.”

थांबली.