एसजीपीटी ३२ आहे म्हणून थांबू नका, दादा

दादा, तुमचा राग पोचला. तुमच्या मेहुण्यांचा 'पांढऱ्या काविळी'चा, म्हणजे हिपॅटायटिस बीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, पण एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) ३२, म्हणजे नॉर्मल, त्रास काडीचा नाही. मग रिपोर्ट समजावण्याच्या नावाखाली मी लोकांना का घाबरवतो, असं तुम्ही विचारलंय.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत लॅबच्या काउंटरवर मी रोज बघतो. लोक तिथंच पाकीट फोडतात, ठळक 'पॉझिटिव्ह' दिसलं की हातपाय गळतात. तपासणी कसली, ती ओळ कुणी वाचत नाही. मागं एका मुलीची अँटी-एचबीएस (हिपॅटायटिस बीपासून संरक्षण आहे का ते सांगणारी तपासणी) पॉझिटिव्ह आली, तर वडील ठरलेलं लग्न मोडायला निघाले. एचबीएसएजी, म्हणजे विषाणू अंगात आहे का ते सांगणारी तपासणी, निगेटिव्ह होती आणि अँटी-एचबीएसचा आकडा शंभराच्या वर! १० च्या वर असला की संरक्षण आहे असं धरतात. पोरीनं लस घेतली होती, एवढंच.

मेहुण्यांचं तसं नाही. त्यांची एचबीएसएजी पॉझिटिव्ह आहे, म्हणजे विषाणू आज अंगात आहे. एसजीपीटी फक्त लिव्हरच्या पेशींना सध्या किती इजा होतेय ते सांगतो, आणि तो खालीवर होत राहतो. नॉर्मल एसजीपीटी असलेल्यांच्याही लिव्हरला आतून व्रण पडलेले सापडतात. एचबीएसएजी सहा महिन्यांनंतरही पॉझिटिव्ह राहिली तर आजार जुनाट समजतात. म्हणून पहिल्या रिपोर्टची तारीख जपा आणि पोटविकार तज्ज्ञांना दाखवा. ते एचबीव्ही डीएनए, एचबीईएजी या विषाणूच्या रक्ततपासण्या आणि सोनोग्राफी सांगतील. गोळ्या सगळ्यांनाच लागतात असं नाही, पण ते त्यांनी ठरवायचं. तुम्ही नाही, मीही नाही. २०१८ मध्ये सुरू झालेल्या सरकारी कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत, सीपीआरमध्ये (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) चौकशी करा.

हिपॅटायटिस सीचं तुम्ही ओझरतं विचारलंत. त्यात अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू कधीतरी शिरला होता. आज आहे का, ते आरएनए तपासणीच सांगते. असला तरी साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकजण बरे होतात.

आणि मेहुण्यांचं ताट वेगळं केलंय, हे तुम्ही सहज लिहून गेलात. वाचून फार वाईट वाटलं. एका पातेल्यातला रस्सा वाढून घेतल्यानं हा आजार पसरत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून, बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. दाढीचं ब्लेड, टूथब्रश वेगळा ठेवा, ताट नको. ताईंची आणि पोरांची एचबीएसएजी, अँटी-एचबीएस याच आठवड्यात करून घ्या. दोन्ही निगेटिव्ह आल्या तर लसीचे तीन डोस: आज, महिन्यानं आणि सहाव्या महिन्यात.