तान्ह्या बाळाला घड्याळ शिकवणाऱ्या मजकुराचा प्रतिवाद

घरात बाळ जन्मले की अभिनंदनाच्या संदेशांपाठोपाठ एक लांबलचक मजकूर बाळंतिणीच्या मोबाइलवर हमखास येतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच असतो. बाळाला पहिल्या आठवड्यापासून दर तीन तासांनीच पाजावे; मध्ये रडले तरी उचलू नये, नाहीतर हाताची सवय लागते; रात्री अंगावर न पाजता पाणी द्यावे; निजवण्यापूर्वी वरचे दूध किंवा नाचणीचे सत्त्व द्यावे आणि गुटीत जायफळाचे दोन वेढे जास्त घ्यावेत; पालथे झोपवावे. एवढे केले की सहा आठवड्यांत बाळ रात्रभर झोपू लागते, असे आश्वासन शेवटी दिलेले असते. अपुऱ्या झोपेने डोळे चुरचुरणाऱ्या आईला हे आश्वासन मोहात पाडते, यात नवल नाही. मात्र यातील बहुतेक सूचना बाळ शांत कसे होईल एवढेच पाहतात, त्याचे पोट भरले की नाही हे पाहत नाहीत; आणि पहिल्या महिन्यात या दोन गोष्टी एकच आहेत असे समजणे धोक्याचे ठरू शकते.

तीन तासांच्या नियमापासून सुरुवात करू, कारण बाकीचा डोलारा त्यावरच उभा आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत आईला जे चीक दूध येते ते एका वेळी चमचाभरच असते, आणि नवजात बाळाचे इवलेसे पोट तेवढ्याचीच अपेक्षा करते. त्यामुळे चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजावे लागणे हे स्वाभाविक आहे. शिवाय या वेळा दिवसभरात सारख्या अंतराने येत नाहीत. संध्याकाळी बाळ तासातासाने दूध मागते, पहाटे एखादी झोप लांबते, आणि दुसऱ्या दिवशी सगळे उलटे होते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात एक ते सहा महिन्यांची, केवळ अंगावर पिणारी आणि नीट वाढणारी ७१ बाळे पाहिली होती. त्यांतील कोणी दिवसाला ६ वेळा पीत होते, तर कोणी १८ वेळा. बाळांच्या दुधाच्या रोजच्या एकूण प्रमाणातही मोठा फरक होता. ज्या आईच्या स्तनांत एका वेळी अधिक दूध साठते तिचे बाळ कमी वेळा पिऊन भागवते. जिच्या स्तनांत कमी साठते तिचे बाळ अधिक वेळा पिऊन तेवढेच दूध मिळवते. दोघींना एकच वेळापत्रक दिले, तर दुसरीचे बाळ उपाशी राहते आणि ‘हिला दूधच कमी आहे’ असा शेराही तिलाच ऐकावा लागतो.

यात आणखी एक मेख आहे. दूध जितके काढले जाते तितके तयार होते. स्तन भरलेले राहिले तर त्या दुधातीलच एक घटक पुढील निर्मिती मंद करतो. म्हणजे तीन तास होईपर्यंत रडणाऱ्या बाळाला थोपवून धरणे, हे दूध कमी होण्याचेच कारण बनते. मग वरचे दूध सुरू होते, बाळ आणखी कमी ओढते, आणि महिन्याभरात ‘दूध आटले’ असा निष्कर्ष निघतो.

घड्याळाची ही कल्पना आपल्या आज्यांचीही नव्हे. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९०७ साली बालसंगोपनाची चळवळ उभारणाऱ्या डॉ. फ्रेडरिक ट्रूबी किंग यांनी चार-चार तासांनी पाजण्याचा आणि रात्री मुळीच न पाजण्याचा आग्रह धरला होता. अस्वच्छ वरच्या दुधामुळे होणाऱ्या जुलाबांनी बालके दगावण्याच्या त्या काळात त्यांनी केलेले स्वच्छतेचे काम मोठेच होते. परंतु त्या शिस्तीचा घड्याळापुरता भाग दवाखान्यांच्या सोयीचा ठरला आणि पुढे अनेक दशके टिकला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९८९ साली प्रसूतिगृहांसाठी स्तनपानाची दहा सूत्रे जाहीर केली. बाळ मागेल तेव्हा पाजावे, हे त्यांतील एक आहे. म्हणजे ‘आधुनिक’ म्हणून फिरणारा हा सल्ला शंभर वर्षांपूर्वीचा आहे आणि तो मागे पडूनही बराच काळ लोटला आहे.

तीन तासांचा आकडा एका ठिकाणी मात्र उपयोगी पडतो, आणि नेमके तेच मजकुरात नाही. पहिले दोन आठवडे, किंवा जन्माचे वजन परत भरून येईपर्यंत, दिवसा तीन तासांहून आणि रात्री चार तासांहून अधिक वेळ बाळ झोपून राहिले, तर त्याला उठवून पाजावे लागते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या, दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या किंवा कावीळ झालेल्या बाळाच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे असते, कारण अशक्त बाळ भुकेने रडत नाही, ते झोपून जाते. आपल्या देशात जन्मणाऱ्या बाळांपैकी साधारण १८ टक्के बाळांचे वजन अडीच किलोपेक्षा कमी असते, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी सांगते. अशा घरात ‘आमचे बाळ किती शहाणे, रडतच नाही’ हे कौतुक ऐकले की मला आधी त्याचे वजन विचारावेसे वाटते.

वजन आणि लंगोट, ही दोन मापे घड्याळापेक्षा कितीतरी भरवशाची आहेत. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरू शकते, दोन आठवड्यांच्या आत ते बहुधा भरून येते, आणि त्यानंतर रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित असते. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला किमान सहा लंगोट चांगले ओले व्हायला हवेत आणि लघवी फिकट हवी; त्यानंतरही लंगोटावर विटकरी रंगाचा डाग दिसत असेल तर दूध कमी पडत आहे असे समजून डॉक्टरांना दाखवावे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची जी पद्धत उभी केली, तिच्या धर्तीवर आज आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येऊन पाहतात आणि वजन करतात. या भेटी न चुकवणे हे कोणत्याही वेळापत्रकापेक्षा मोलाचे आहे.

रडले तरी उचलू नये, हा पुढचा मुद्दा. मुळात रडणे ही भुकेची शेवटची खूण आहे. त्याआधी बाळ डोके इकडेतिकडे वळवते, ओठ चाटते, मूठ तोंडाशी नेते, गालाला काही लागले की त्या बाजूला तोंड उघडते. या वेळी घेतले तर ते नीट पकड घेते: आधी भराभर ओढते, पान्हा फुटला की ओढणे संथ आणि खोल होते, गिळल्याचा हलका आवाज येतो, मध्येच विसावते. रडून लालबुंद झालेल्या बाळाला आधी शांत करण्यातच वेळ जातो. हाताच्या सवयीबद्दल म्हणाल, तर मॉन्ट्रियल येथे १९८६ साली झालेल्या एका चाचणीत ज्या बाळांना रोज नेहमीपेक्षा अधिक वेळ जवळ घेतले गेले, ती सहाव्या आठवड्यात इतरांपेक्षा एकूण ४३ टक्के कमी रडली. साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत रडणे वाढत जाते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ओसरते, ते कोणी शिस्त लावली म्हणून नव्हे.

एक सावधगिरी मात्र जरूर बाळगावी. तान्ह्या बाळाची जवळजवळ अर्धी झोप चाळवलेली असते. त्या झोपेत ते कण्हते, तोंड वाकडे करते, हात उडवते, पापण्यांखाली बुबुळे हलतात. ते जागे झाले असे समजून आपण उचलतो आणि खरोखरच जागे करतो. मिनिटभर थांबून पाहणे आणि रडू देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रात्री पाणी देण्याचा सल्ला निखालस चुकीचा आहे. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते, आणि विदर्भातल्या उन्हाळ्यातही सहा महिन्यांपर्यंत बाळाला वेगळे पाणी लागत नाही. तहान लागली तर ते जास्त वेळा दूध मागते. पाण्याने पोट फुगते पण पोषण मिळत नाही. बाळाच्या कोवळ्या मूत्रपिंडांना ते जादा पाणी झेपत नाही, रक्तातील सोडियम उतरते आणि झटकेही येऊ शकतात. शिवाय दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री अधिक स्रवते, त्यामुळे रात्रीचे पाजणे बंद करणे म्हणजे दिवसाच्याही दुधावर पाणी सोडणे होय.

वरचे दूध पचायला जड असते, त्यामुळे काही बाळे ते पिऊन थोडी अधिक झोपतात, हे नाकारण्याचे कारण नाही. किंमत मात्र आईच्या दुधाला मोजावी लागते. दोन वर्षांखालील बालकांसाठीच्या डब्याच्या दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात करण्यास आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. तीच जाहिरात मजकुराच्या रूपाने काकू-मावश्यांकडून फुकट होते, ही गंमतच म्हणायची. वैद्यकीय कारणाने वरचे दूध सांगितले गेले असेल तर गोष्ट वेगळी. अशा आईला कोणी अपराधी वाटायला लावू नये. नाचणी सत्त्वाबद्दल बोलायचे तर २०१८ च्या एका ब्रिटिश अभ्यासात तिसऱ्या महिन्यापासून वरचे अन्न सुरू केलेली बाळे रात्री इतरांपेक्षा अधिक झोपली खरी, परंतु तो फरक सर्वाधिक होता तेव्हाही सुमारे १७ मिनिटांचाच होता, आणि ती बाळे तीन महिन्यांची होती, तीन आठवड्यांची नव्हे. एवढ्यासाठी नवजात बाळाच्या घशात सत्त्व घालण्याचे धाडस कोणी करू नये.

गुटीचा विषय नाजूक आहे, कारण सहाणेवर वेढे घेणारा हात मायेचा असतो. तरीही जायफळाने येणारी गुंगी म्हणजे झोप नव्हे. त्याचे प्रमाण जास्त झाले तर हृदयाची गती वाढते, आणि एका वेढ्यात नेमके किती जायफळ उतरले हे मोजण्याचा कोणताही उपाय घरात नसतो. गुटीत मध चाटवणे तर वर्षाच्या आत पूर्णपणे टाळावे, कारण त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. आजीबाईंच्या हातचे मालीश, कोमट पाण्याची आंघोळ आणि अंगाई यांनी बाळ सुखाने निजते. ते अवश्य चालू ठेवावे. धुरी तेवढी टाळावी.

पालथे झोपवण्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. बाळाला उताणेच झोपवावे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ साली पालथे न झोपवण्याची शिफारस केली, १९९४ पासून उताणे झोपवण्याची मोहीम सुरू झाली, आणि झोपेत अचानक होणारे बालमृत्यू पुढील वर्षांत निम्म्याहून अधिक घटले. डोके गोल व्हावे म्हणून ठेवलेली मोहरीची उशी, मऊ गादी आणि जाड गोधडीही दूर ठेवावी. बाळ दचकून उठत असेल तर पातळ सुती दुपट्यात ढिले गुंडाळावे, पाय मोकळे राहतील असे. ते कुशीवर वळू लागले की गुंडाळणे बंद करावे.

राहिला सहा आठवड्यांचा वायदा. दिवस आणि रात्र यांतील फरक शरीराला कळू लागतो तो साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, कारण झोपेला चालना देणाऱ्या मेलॅटोनिनची लय तेव्हाच बसू लागते. तोपर्यंत आपण फक्त खुणा देऊ शकतो: दिवसा घरात उजेड आणि नेहमीची वर्दळ असू द्यावी, रात्री पाजताना मंद दिवा ठेवावा, बोलणे-खेळवणे टाळावे, आणि लंगोट ओला असेल तर तो पाजण्याच्या मध्येच बदलावा म्हणजे पिऊन पेंगुळलेले बाळ पुन्हा जागे होत नाही.

बाळंतिणीला झोप मिळाली पाहिजे, हा मजकुरामागचा हेतू मात्र मला पूर्ण मान्य आहे. त्यासाठी बाळाला उपाशी ठेवण्याची गरज नाही. ढेकर काढणे, लंगोट बदलणे, खांद्यावर घेऊन फेऱ्या मारणे, दुपटी धुणे, पाहुण्यांना दारातूनच नंतर यायला सांगणे ही सगळी कामे बाळाच्या बापाला आणि घरातल्या इतरांना येतात; आईच्या वाट्याला केवळ पाजणे ठेवले, तर दोन पाजण्यांच्या मध्ये तिला सलग दीड-दोन तास निजता येते.